जुनी फेरी रद्द

फेरी.

उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमागचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही, आणि ज्याने घेतला त्याला सांगायची गरज नाही. धान गरम पाण्यात मुरवायचं, वाफवायचं, वाळवायचं, कांडायचं. तांदूळ बिचारा सोनेरी, स्वच्छ होऊन पोत्यात जाऊन बसतो. मागे उरतं ते पाणी. वर फेसाची जाड साय, खाली चिकट गाळ. आंबलेल्या पेजेत कुणी ओले मोजे बुडवून विसरून जावं, तसा त्याचा वास. तो नाकात थांबत नाही, टाळूला जाऊन चिकटतो. मग भातालाही तोच वास, चहालाही तोच.

एकोडीच्या शिवारात अशी एक मिल होती, भय्याजींची. मिलमागे नाला, आणि नाल्याच्या उतारावर बोडी, म्हणजे शेतापुरता बांध घालून अडवलेलं तळं. बोडी दामिनीच्या घरची. खरं तर तिच्या आईची, बेबीबाईची, कारण घरात दुसऱ्या कुणाला त्या बोडीचं काही पडलेलं नव्हतं. बोडीत शिंगाड्याचे वेल पसरलेले. वेल गावातल्या ललिताबाईने लावलेले, पाणी बेबीबाईचं, फळ निम्मं निम्मं. दोघी बायका सकाळी लुगडी खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरायच्या आणि वेल उलटे करकरून शिंगाडे तोडायच्या.

उतरण्याआधी मात्र त्या बांधावर उभ्या राहून मिलच्या फाटकाकडे पाहत. फाटकावर विजेची पाटी होती. तिच्यावर नाल्यात सुटणाऱ्या पाण्याचा आकडा यायचा. आकडा दोघींना कळत नसे, रंग कळे. हिरवा असला तर पाण्यात जायचं. लाल असला तर घरी.

‘हिरवी हाये का वं?’ ललिताबाई विचारी.

‘हिरवी हाये.’

‘खरी ना?’

‘माह्या पोरीनं बनवली हाये ते पाटी,’ बेबीबाई म्हणे. ‘हिरवी म्हनजे हिरवी.’

आणि उतरे.


फेरी.

पाटी खरोखरच पोरीने बनवलेली होती. दामिनी पुण्याच्या एका कंपनीचं काम एकोडीच्या घरात बसून करायची. भय्याजी तिच्या आईचे चुलतभाऊ, म्हणजे मामा. एक दिवस ते पेढे घेऊन आले.

‘बेटा, वरून ऑर्डर आली. सांडपान्याले मीटर लावा, फाटकावर आकडा दाखवा. आता घरची पोरगी असताना मी बाहेरचा मानूस कायले आनू?’

तिने करून दिलं. आवडीने करून दिलं, हेही सांगायला हवं.

दर पंधरा मिनिटांनी घड्याळ एक हाक मारी. हाक आली की प्रोग्राम नाल्याच्या तोंडाशी बसवलेल्या सेन्सरला विचारी, पाणी कसं आहे? सेन्सर आधी आपली काच पुसे, मग वाचे, मग उत्तर देई. तोवर प्रोग्राम हात बांधून उभा राहत नसे. तो बाकीची कामं करी, आणि उत्तर आलं की ते आपसूक वाहत पाटीपर्यंत जाई. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात ती पद्धत हीच. कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही, आलेल्या गोष्टीला तेवढा प्रतिसाद द्यायचा. दामिनीला यात लहानपणी पाहिलेली नहराची गंमत दिसे. पाट नीट खणून ठेवला की पाणी सुटल्यावर कुणाला हाकावं लागत नाही, ते या बांधीतून त्या बांधीत, एका खाचरातून दुसऱ्या खाचरात, आपलं आपण जातं.

फक्त एका प्रश्नाचं उत्तर आधी लिहून ठेवावं लागतं. मागच्या हाकेचं उत्तर अजून आलेलं नाही आणि पुढची हाक पडली, तर काय करायचं?

दामिनीने लिहिलं: जुनी फेरी रद्द, नवी सुरू.

विचारही केला नाही. कंपनीत तिने दोन वर्षं शोधाच्या चौकटी, म्हणजे सर्च बॉक्स, बनवल्या होत्या. माणूस आधी ‘सा’ लिहितो, मग ‘साडी’ लिहितो. नुसत्या ‘सा’चं उत्तर घेऊन आता कुणाला काय करायचंय? जुनं रद्द. बोटांना ती सवयच लागली होती, जशी काहींना बोलता बोलता नाकात बोट घालायची लागते.

शोधाच्या चौकटीला ते चालतं. घाणीला चालत नाही. पण हे कळायला दिवाळी उलटावी लागली.


फेरी.

आधी आईचे पाय.

रात्री जेवायला बसलं की आवाज यायचा. खर्र, खर्र. बेबीबाई दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेऊन पोटऱ्या घासायची. गुडघ्याखालची कातडी पांढरी, फुगलेली, भिजत पडलेल्या पापडासारखी. घासली की तिची सालं निघत आणि फरशीवर पडत. बोटांच्या बेचक्यांत पिवळं पाणी. दामिनी ताटातला वरणभात कालवायची आणि पिवळ्या वरणाकडे पाहून हात थांबायचा.

‘आई, जेवताना तरी नको.’

‘खाजते तं काय करू? तुह्यावानी खुर्चीवर बसून काम हाये का माह्यं?’

‘डॉक्टरकडे जाऊ.’

‘गेली होती. मलम देल्लं. म्हने पान्यात जाऊ नका.’ बेबीबाई हसली. ‘मी म्हटलं, पानी चांगलं हाये जी, पाटी हाये आमच्याकडे.’

ललिताबाईचे पाय तसेच. तिच्या मांड्यांपर्यंत चढलं होतं, पण ते ती कुणाला दाखवत नव्हती.

दामिनीला खटकलं ते हेच. बोडीचा वास पावसाळ्यानंतर दुप्पट झालेला. वेलांची पानं कडेने काळी पडलेली, तोडलेल्या शिंगाड्यांवर बोटाला ओढला जाईल असा बुळबुळीत पापुद्रा. आणि पाटी हिरवी. आजही हिरवी, कालही. पूर्वी आठवड्यातून एखादा दिवस तरी लाल यायचा, बायका घरी बसायच्या, भय्याजींना फोनावर फोन यायचे. आता कितीतरी दिवसांत लाल नाही.

तिने लॅपटॉप उघडला. हाका जात होत्या, पंधरा मिनिटांनी, बिनचूक. उत्तरं पाहिली. एकही नाही. दसऱ्यापासून सेन्सरकडून एकसुद्धा उत्तर आलेलं नव्हतं. प्रत्येक प्रश्न निघत होता, सेन्सर काच पुसायला लागत होता, पुसतच राहत होता, आणि तेवढ्यात पुढची हाक येऊन आधीच्या प्रश्नाचा गळा दाबत होती. जुनी फेरी रद्द. मग नवी, आणि तीही रद्द. कुठे चूक म्हणून नोंद नाही, कारण रद्द होणं ही चूक नव्हतीच. तसंच लिहिलेलं होतं. पाटीला नवं काही मिळत नव्हतं, म्हणून ती दसऱ्याच्या सकाळचा हिरवा आकडा कपाळावर मिरवत बसली होती. मढ्याला कुंकू लावून ठेवावं तशी.

दामिनीने ती ओळ पाहिली. तिचीच. तिच्याच बोटांनी लिहिलेली. 


फेरी.

सेन्सर पाहायला ती मिलमध्ये गेली. मामा नागपूरला गेलेले. मशीन चालवणारा जागेश्वर तिला मागच्या बाजूला घेऊन गेला.

‘मॅडम, नाकाले रुमाल लावा. नाही तं दुपारचं जेवन इथंच सोडान.’

‘तुम्ही कसं सहन करता हो?’

‘आमचं नाकच मेलं जी. लगन झालं तवा बायको म्हने, तुमच्या आंगाले वास येते. आता तिले बी येत नाही. दोघायचा संसार सुखात हाये.’

त्याने दोरी ओढली. पाण्यातून सेन्सर वर आला, पण सेन्सर दिसत नव्हता. दिसत होती राखाडी, केसाळ, लिबलिबीत गुंडाळी. पाण्यात बुडून मेलेल्या उंदराला शेपटीने धरून वर काढावं, तशी ती दोरीला लोंबत होती आणि तिच्यातून थेंब थेंब गळत होतं. आत कुठेतरी काच पुसायचा इवलासा दांडा फिरत होता. गुर्र, गुर्र. बिचारा पुसत होता. पुसून होत नव्हतं, म्हणून वाचत नव्हता.

‘हा साफ कोण करतं?’

‘मीच करत होतो. आठ दिवसानं ब्रशनं घासून काढो. मंग मालक म्हने, राहू दे.’

‘काहून?’ दामिनीच्या तोंडून गावचा शब्द निघाला.

जागेश्वरने आजूबाजूला पाहिलं. ‘तुमाले मालूम नाही? पाटी तं तुमचीच हाये. घासलं का कवा लाल होते, कवा हिरवी. नाही घासलं का हिरवीच राह्यते. मालकानं हिशेब पकडला जी. मीटरपाशी घान जमली का पाटीवर घान येत नाही.’ तो हसला, आणि तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. ‘मले वाटलं तुमीच सांगतलं आसन त्यायले.’

सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यातले हवेचे पंखे बंद होते. त्यांच्यावर कोळ्यांनी जाळी विणली होती. टाकं तसंच भरून तसंच नाल्यात सुटत होतं.

परत येताना तिला बोडीत दोन डोकी दिसली. आई आणि ललिताबाई, कमरेइतक्या पाण्यात. आईने हात वर करून फाटकाकडे दाखवलं आणि ओरडली, ‘हिरवी हाये!’ पोरीला कौतुक दाखवायचं म्हणून.


फेरी.

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, ‘आई, एक सांगायचं होतं. ती पाटी आहे ना, ती दसऱ्यापासून’

नवी फेरी. जुनी रद्द.

फोन वाजला. पुण्याहून मीटिंग. ती उठून आत गेली. परत आली तेव्हा आई खरकटी भांडी घेऊन मोरीवर गेली होती, आणि तिथून खर्र, खर्र ऐकू येत होतं.


फेरी.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवशी आईने मामांसाठी उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी हातात दिली. ‘मंडई आली. भावाघरी खाली हातानं जात नाहीत.’

मामांचं घर मिलला लागूनच. दारात शिरलं की गुलाबाच्या फवाऱ्याचा वास, आणि त्याच्या खालून आंबलेला वास, पावडर लावलेल्या घामासारखा. मामी, चंद्रकांता, पुढे आल्या. ‘अगं बाई, बेबीताईंनी पाठवले?’ पिशवी त्यांनी दोन बोटांत धरली, मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवली, आणि येऊन बेसिनवर हात धुतले. साबण लावून.

मामा सोफ्यावर बसून शिंगाडे सोलत होते. पितळी ताटात काळ्या सालांचा ढीग, पांढरे गर एका वाटीत.

‘ये बेटा. घे, खा. साखरेवानी गोड हाये.’

‘हे कुठले?’

‘आंबागडच्या बाजूचे. ट्रकवाला आनते आपला.’

‘आमच्या बोडीचे खात नाही का मामाजी?’

मामांचा अंगठा सालीत अडकला. मग मोकळा झाला. ‘तुमचे बारीक राह्यतात.’

तिने सांगितलं. सेन्सर, ओळ, रद्द होणाऱ्या फेऱ्या, आईचे पाय. ओळ आज बदलते, म्हणाली. तुम्ही सेन्सर साफ करायला सांगा आणि पंखे सुरू करा. मामा ऐकत होते. मधे मधे गर तोंडात टाकत होते, आणि चावण्याचा कुरुम कुरुम आवाज तिच्या वाक्यांच्या मधे पडत होता.

‘झालं तुह्यं?’ ते म्हणाले. ‘आता मी एक विचारतो. तू पाटीवर काही खोटं लिवलं?’

‘नाही.’

‘मी लिवलं?’

‘नाही, पण...’

‘दसऱ्याले आकडा आला तो खरा होता?’

‘होता.’

‘मंग पाटी का दाखवून राहिली? शेवटचा आलेला आकडा. खराच आकडा. यात लबाडी कोठं हाये, बोट ठेवून दाखव मले.’

 बोट ठेवलं असतं तर ते स्वतःच्याच ओळीवर पडलं असतं.

‘मीटर तोडा म्हटलं का मी? नाही. वायर काढली? नाही. फक्त घासू नका म्हटलं. घासनं आन् न घासनं माह्या मर्जीचं हाये.’ मामांनी रुमालाने बोटं पुसली, एकेक करून. ‘आन् हे पाह्य, चिखलात दगड मारला का शिंतोडे कोनावर येतात? मारनाऱ्यावर. पाटी कोनाची? सारं गाव म्हनते, दामिनीची. उद्या बोंब झाली तं लोक मले नाही विचारनार. बेबीताईच्या पोरीले विचारतीन. तुह्या मायचे पाय तुह्याच पाटीनं खराब झाले, आसं म्हनतीन. बरं वाटन तिले?’

मामी आतून चहा घेऊन आल्या. दुधावरची साय कपात तरंगत होती. दामिनीला टाक्यावरची साय दिसली. ती कप तसाच ठेवून मागच्या दाराने बाहेर पडली.

गोठ्यात गाईपुढच्या घमेल्यात आईचे शिंगाडे पडले होते. गाय दुसरीकडे तोंड करून उभी होती.


फेरी.

‘आवडले का मामाले?’ आईने विचारलं.

‘आई, ते आपले शिंगाडे’

नवी फेरी. जुनी रद्द.

आता फोन वाजला नव्हता. दारात कुणी आलं नव्हतं. दामिनीनेच मधे म्हटलं, ‘मंडईला पाहुणे किती येतील गं?’ आणि आई हौसेने पाहुणे मोजायला लागली.


फेरी.

सकाळ. ‘आई, आज पाण्यात’

नवी फेरी. जुनी रद्द.

‘आज पाण्यात थंडी असेल ना,’ ती म्हणाली.

‘हिरवी हाये ना वं,’ बेबीबाई म्हणाली. ‘थंडीचं का घेऊन बसली.’ आणि गेली.

दामिनी दारात उभी राहून आईची पाठ पाहत राहिली. आपली आपल्याला शिसारी येणं म्हणजे काय, ते तिला त्या दारात कळलं. अंगावर झुरळ चढलं तर झटकता येतं. हे झुरळ कातडीच्या आतून चालत होतं. मामा काच घासू देत नव्हते, आणि ती वाक्य पुरं होऊ देत नव्हती. दोघांपैकी आईचे शिंगाडे कुणी खात नव्हतं. तिने तरी या हंगामात एक तोंडात टाकला होता का? नव्हता. ‘पोट ठीक नाही’ म्हणत होती. आणि आई एकटी, सोलून सोलून, मीठ लावून खात होती.


फेरी.

मंडईच्या आदल्या दुपारी तिने ओळ बदलली. जुनी फेरी चालू असेल तर नवी हाक सोडून द्यायची, जुनीला पुरं होऊ द्यायचं. आणि ठरल्या वेळात उत्तर आलंच नाही तर मागचा आकडा दाखवायचा नाही, पाटी लाल करायची. काम दोन मिनिटांचं होतं. त्या दोन मिनिटांना तिने किती दिवस लावले, ते मोजायची तिची हिंमत झाली नाही.

पण नुसती लाल पाटी पुरणार नव्हती. ‘मीटर बंद पडलं’ म्हणून मामांनी हात झटकले असते. खरा आकडा यायला हवा होता. ती मिलमागे गेली. जागेश्वर म्हणाला, ‘मी घासलं तं माह्यी नोकरी जाईन जी.’

‘तुम्ही दोरी ओढा फक्त.’

ब्रश नव्हता. तिने बाह्या सरसावल्या आणि हात घातला. ती गुंडाळी हातात आली तेव्हा कोमट होती. हे तिने गृहीत धरलंच नव्हतं. थंड असेल असं वाटलं होतं. कोमट आणि मऊ, कुणाच्या तरी आतल्या अवयवासारखी. बोटं घातली की लोळे सुटत, नखांत जात, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत. दोनदा ती बाजूला जाऊन ओकली. तिसऱ्यांदा पोटात काही उरलंच नव्हतं. शेवटी काच दिसली. नखाएवढी, स्वच्छ. दांडा एकदा फिरला आणि थांबला.

‘झालं जी,’ जागेश्वर म्हणाला. ‘आता पाह्यते तो.’

काच पाण्यात गेली. पुढची हाक पडली. उत्तर आलं, पुरं, न अडता, आणि वाहत फाटकापर्यंत गेलं.


फेरी.

मंडईच्या सकाळी गाव नवे कपडे घालून रस्त्यावर. बाहेरगावचे पाहुणे, सायकलींवर फुगे, भज्यांच्या कढया. फाटकावरची पाटी लालभडक. दसऱ्याच्या आकड्याच्या कितीतरी पट मोठा आकडा, डोळे वटारलेला. कुणी थांबत होतं, पाहत होतं.

‘पाटी बिघडली गा.’

‘मंडईचं लायटिंग आसन.’

‘इतके दिवस बराबर चालत होती. आजच का झालं?’

‘लाईन कमी जास्त होऊन राहिली, तिच्यानं.’

दामिनी ऐकत होती. तिला वाटलं होतं लोक थबकतील, नाकाला पदर लावतील, मिलच्या दारात जातील. ते भज्यांकडे गेले. हिरवी पाटी इतके दिवस मेलेली होती तेव्हा ती बरोबर होती. आज जिवंत झाली, तर बिघडली. नाकं सगळ्यांना होती. वास सगळ्यांना येत होता. पण पाटी हिरवी आहे म्हणून नाकाला काम नव्हतं, आणि आता पाटी लाल तर पाटीला अक्कल नव्हती.

मामांचा फोन वाजत होता. तिने वाजू दिला.

बांधावर ललिताबाई आणि बेबीबाई टोपल्या घेऊन उभ्या होत्या. मंडईत शिंगाडे विकायचे, म्हणून लवकर आलेल्या.

‘बिघडली म्हनून राहिले वं लोकं,’ ललिताबाई म्हणाली. ‘चाल, उतरू. आजचा बाजार जाईन.’

बेबीबाई हलली नाही. ‘माह्या पोरीची पाटी हाये,’ ती म्हणाली. ‘लाल म्हनजे लाल.’ आणि टोपली पालथी घालून तिच्यावर बसली.

दामिनीला ते सहन झालं नाही. आईने शिवी दिली असती तर चाललं असतं. हा विश्वास तिच्या अंगावर ओकल्यासारखा पडला, कारण तो जसा हिरव्यावर होता तसाच लालवर होता आणि दोन्ही वेळा तिच्यावर होता. ती आईपुढे खाली बसली.

‘आई, पुरं ऐक. मधे बोलू नको, आणि मी थांबले तर मला थांबू देऊ नको.’

ती बोलली. दसऱ्यापासून पाटी मेलेली होती. मीटरवर घाण जमली होती, ते वाचू शकत नव्हतं. वाचायला वेळ लागला की आधीचं विचारणं मारून टाकायचं, असं मी लिहिलं होतं. मामांना कळलं की घासलं नाही तर हिरवंच राहतं, आणि त्यांनी घासणं बंद केलं. पाणी तसंच येत होतं. तू हिरवी म्हणून उतरत होतीस. तुझे पाय त्यानेच झाले. मामींनी तुझे शिंगाडे गाईला घातले, आणि गाईनेही खाल्ले नाहीत.

तिच्या पाठीमागे फुगेवाल्याची पिपाणी वाजत होती. आई एकटक पाहत होती. ललिताबाईने लुगडं पायांवर खाली ओढून घेतलं.

‘भय्यानं,’ बेबीबाई हळूच म्हणाली. ‘रक्ताच्या भावानं.’ मग दामिनीकडे वळून म्हणाली, ‘तुले कवा मालूम झालं?’

हा प्रश्न येणार हे दामिनीला माहीत होतं. याच प्रश्नाला भिऊन तिने इतक्या फेऱ्या मारल्या होत्या.

‘पाच दिवस झाले.’

‘पाच दिवस.’ बेबीबाईने आपल्या पायांकडे पाहिलं. ‘पाच दिवस तू दारात उभी राहून मले पाह्यत होती. मी पान्यात जाऊन राहिली, आन् तू पाह्यत होती.’

‘सांगायला लागायचे, पण...’

‘का म्हने, थंडी आसन पान्यात.’

बेबीबाई उठली, टोपली उचलली आणि घराकडे चालू लागली. ललिताबाई तिच्यामागे. दामिनी हात पुढे करणार होती, पण तिच्या हातांना कालचा वास होता. चार वेळा साबण लावूनही तो गेला नव्हता. तिने हात पाठीमागे घेतले.


फेरी.

दुसऱ्या दिवशी पाटी हिरवी होती.

साकोलीहून मोटरसायकलवर कुणी एक जण आला, फाटकातली पेटी उघडली, दामिनीच्या प्रोग्रामची वायर काढली, दसऱ्याचा आकडा कायमचा चिकटवला आणि चहा पिऊन निघून गेला. जागेश्वरने फोनवर सांगितलं, ‘अर्ध्या घंट्याचं काम जी. आता हाका नाही, फेऱ्या नाही, काहीच नाही. नुसती हिरवी.’

दामिनी बांधावर आली तेव्हा ललिताबाई खुशीत होती. ‘दुरुस्त झाली वं पाटी! भय्याजीनं घान साफ केली वाटते,’ ती म्हणाली, आणि सवयीने पाय पाण्याकडे वळला.

बेबीबाईने तिचा पदर मागून धरला. पाटीकडे पाहिलं नाही, पोरीकडेही नाही. बांधाच्या कडेला उकिडवी बसली, वेल बाजूला सारला, ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. इतक्या वर्षांत त्या बोडीचं पाणी तिने कधी हुंगलं नव्हतं. हुंगायची पाळी कुठे आली होती? तिचा चेहरा एकदम आकसला, नाकपुड्या मिटल्या, मान आपोआप मागे गेली. पण ओंजळ तिने सोडली नाही. तशीच ललिताबाईच्या तोंडापुढे धरली.

‘हुंग.’

ललिताबाईने हुंगलं आणि बाजूला थुंकली. मग पुन्हा थुंकली. मग पदराने जीभ पुसायला लागली.

बेबीबाईने ओंजळ सोडून दिली. पुन्हा वाकली, पुन्हा भरली, आणि कालपासून पहिल्यांदा मान वर करून दामिनीकडे पाहिलं. बोटांच्या फटींतून ते चिकट पाणी तार धरून गळत होतं.

‘ये,’ ती म्हणाली. ‘आता तू.’

दामिनी बांध उतरून खाली आली.